‘हरकत नाही’ म्हणजे नेमकं काय?

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी आमच्या पुतणीला पाहायला पाहुणे आले. मुलगा डिप्लोमा करून चाकणला एका कारखान्यात लागलेला, पुतणी बी.फार्म.च्या शेवटच्या सेमिस्टरला. अशा बैठकीत होतं तसंच सगळं झालं. चहा-खारी झाली, शेवयांची खीर झाली, मुलाच्या मामूंनी आमच्या अब्बांच्या गुडघ्यांची चौकशी केली, यंदा बेदाण्याला काय भाव निघाला यावर अर्धा तास गेला. मग मामूंनी घसा साफ केला आणि म्हणाले, ‘‘मुलगी शिकलेली आहे. पुढं नोकरी करते म्हणाली तरी आमची काही हरकत नाही.’’ बोलणं अर्थात आमच्या दखनीत, ‘हमना कुछ हरकत नै’ असं. बैठकीतून दोन-तीन ‘माशाअल्लाह’ आले. पुतणीच्या वडिलांच्या, म्हणजे आमच्या मोठ्या भाईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

आम्ही दोघं मात्र एकमेकांकडे बघत राहिलो. चौदा वर्षांपूर्वी आमच्या मंगनीच्या बैठकीत हेच वाक्य बोललं गेलं होतं, जवळजवळ याच शब्दांत.

पाहुणे गेल्यावर पुतणी स्वयंपाकघरात कप विसळत होती. मान वर न करता तिनं विचारलं, ‘‘चाची, हरकत नाही म्हणजे नेमकं काय? जाऊ देणार, की जाता यावं म्हणून काही करणार?’’

उत्तर तिथल्या तिथं देता आलं नाही. या वेळी मुलांच्या सुट्टीवर लिहायचं ठरलं होतं, ते पुढच्या महिन्यात. नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे की हे सदर आम्ही नवरा-बायको मिळून लिहितो आणि कुठलं वाक्य कुणाचं ते सांगत नाही. आज ते काही ठिकाणी सांगावं लागेल, कारण या गोष्टीत आम्हा दोघांच्या वाट्याला सारखं काही आलं नव्हतं.

आमचा निकाह २०११ च्या डिसेंबरमधला. त्याच वर्षी मे महिन्यात आमच्यातल्या तिची बी.फार्म.ची शेवटची परीक्षा झाली होती. आमच्यातला तो कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत ट्रेनी म्हणून लागून आठ महिने झाले होते, पगार साडेसहा हजार. मेहेर एकवीस हजार, उधार. हुंडा मागितला नव्हता, याचं सासरी सगळ्यांना मोठं समाधान होतं, आणि ते रास्तही होतं. नोकरीचा विषय ‘हरकत नाही’ या दोन शब्दांत संपला होता. ते म्हणणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती, हे आजही आम्ही खात्रीनं सांगू. पण कुठली नोकरी, कुठल्या गावी, सकाळी किती वाजता निघायचं, तेव्हा चुलीपाशी कोण असणार, यातलं एक अक्षरही कुणी बोललं नाही. आम्हीही नाही. आम्ही दोघं तर त्या दिवसापर्यंत एकमेकांशी बोललोच नव्हतो. निकाहाआधी मुलामुलीनं एकमेकांना पाहावं याला दीनमध्ये मुभा आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण पाहणं म्हणजे दारातून ट्रे घेऊन येणं आणि जाणं, एवढ्यावरच आपण ते भागवतो.

तासगावचं आमचं घर म्हणजे तेव्हा आठ माणसं. अब्बा बाजार समितीत बेदाण्याच्या सौद्यांवर तोलाईचं काम करायचे. अम्मी, मोठे भाई, भाभी, त्यांची तीन मुलं (पुतणी त्यातली मोठी, तेव्हा सात वर्षांची) आणि आमच्यातला तो. नळाला पाणी एक दिवसाआड, पहाटे. त्यात नववी म्हणून आमच्यातली ती आली. येताना पेटीत राज्याच्या फार्मसी कौन्सिलचं नोंदणीचं सर्टिफिकेट होतं, वडिलांनी हौसेनं चौकट करून दिलेलं.

लग्नाला दोन महिने झाले आणि अब्बांच्या ओळखीचे एक गृहस्थ घरी आले. शेजारच्या गावात त्यांना मेडिकल दुकान टाकायचं होतं. मेडिकलचा परवाना निघायला नोंदणी झालेला फार्मासिस्ट लागतो. ते म्हणाले, ‘‘बेटीनं यायची काही गरज नाही. नुसतं सर्टिफिकेट भिंतीला लावू. घरी बसून महिन्याला अडीच हजार.’’

घरात ईद झाली. उन्हातान्हात जाणं नाही, एसटीची गर्दी नाही, परक्या माणसांत उभं राहणं नाही, आणि वर पैसे. अम्मी म्हणाल्या, शिक्षणाचं सोनं झालं. सगळ्यांत जास्त आनंद कुणाला झाला असेल तर आमच्यातल्या त्याला. ‘माझी बायको फार्मासिस्ट आहे’ असं कंपनीत सांगता येणार होतं आणि सकाळचा डबाही वेळेवर मिळणार होता. आमच्यातली ती काय म्हणाली? काही नाही. नवी नवरी बैठकीत काय म्हणणार? सर्टिफिकेट चौकटीसकट गेलं. खिळ्याला अडकवायला चौकट आयतीच होती.

असा व्यवहार आमच्या एकट्याच्या घरात झाला असं कुणी समजू नये. फार्मसी शिकलेल्या लग्न झालेल्या मुली ज्या घरांत आहेत, तिथल्या वाचकांना हे वाचताना काहीच नवल वाटलं नसेल. सोय म्हणूनच त्याकडे बघितलं जातं. आम्हीही तसंच बघितलं. पहिल्या आठवड्यात पाकीट यायचं. महिन्यातून एकदा रजिस्टर घरी यायचं आणि सह्या व्हायच्या, न पाहिलेल्या चिठ्ठ्यांवर दिलेल्या न पाहिलेल्या औषधांच्या. आमच्यातल्या त्यानं त्या पैशांचं पोस्टात आरडी खातं काढलं, स्वतःच्या नावानं.

कायदा काय सांगतो हे तिनं कॉलेजात शिकलेलं होतं. १९४८ च्या फार्मसी कायद्यानं डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणी झालेल्या फार्मासिस्टनंच द्यायचं असतं. तो समोर नसताना दिलं तर दुकानदार अडचणीत येतो आणि कागद भाड्यानं देणाऱ्याची नोंदणीही जाऊ शकते. पण कायदा पेपरात लिहिणं वेगळं आणि सासरच्या बैठकीत बोलणं वेगळं.

दहा महिने असे गेले. मग एका दुपारी गल्लीतल्या ओळखीच्या एक बाई आल्या. त्यांच्या सासूला साखरेचा आजार. डॉक्टरनी ग्लिमेपिराइड एक मिलिग्रॅम लिहून दिलेली. दुकानातल्या पोरानं दोनची पट्टी दिली. नाव तेच, डबा तसाच, आकड्याकडे कोण बघतो? चार दिवसांनी म्हातारी पहाटे घामानं भिजून, हातपाय गार पडून, बोलण्यात गडबड करायला लागली. दवाखान्यात नेऊन सलाईनमधून साखर दिली, तेव्हा शुद्धीवर आली. अल्लाहची मेहेरबानी, की लवकर लक्षात आलं. त्या बाई भांडायला आल्या नव्हत्या. त्या फक्त विचारायला आल्या होत्या, ‘‘भाभी, त्या दुकानात भिंतीवर तुमचं नाव लावलंय म्हणे. मग तुम्ही का नव्हता तिथं?’’

त्या रात्री आम्ही पहिल्यांदा खरं बोललो. लग्नाला जवळजवळ वर्ष झालं होतं. आमच्यातली ती म्हणाली, ‘‘तुम्ही सगळे म्हणालात, नोकरीला हरकत नाही. हरकत कुणाला नव्हती? माझ्या कागदाला नव्हती. मी तर घरातच आहे.’’ आमच्यातला तो आधी दुकानदाराला बोलला, मग त्या पोराला बोलला, मग डॉक्टरच्या अक्षराला बोलला. बराच वेळ बोलून झाल्यावर गप्प बसला. त्याला आठवलं, की पोस्टाच्या पासबुकात पंचवीस हजार जमले होते आणि त्यातला एक रुपयाही कुणी कमावलेला नव्हता.

अब्बांना सांगायचं कसं, हा मोठा प्रश्न होता. दुकानदार त्यांच्या ओळखीचा, शब्द त्यांचा. सकाळी फजरनंतर आमच्यातल्या त्यानं भीत भीत सगळं सांगितलं. अब्बांना औषधातलं काही कळत नाही. पण त्यांची तीस वर्षं काट्यापाशी गेली होती. त्यांनी एकच विचारलं, ‘‘म्हणजे काट्यावर मी नाही, आणि पावती माझ्या नावानं फाटते?’’ ‘हो’ म्हटल्यावर ते उठले, टोपी घातली आणि निघाले. दुपारी परतले तेव्हा काखेत ती चौकट होती.

इतकं सोपं मात्र नव्हतं. दुकानदार संतापला, दोन महिन्यांचे पैसे बुडवले, चारचौघांत अब्बांना नाही नाही ते बोलला. सांगलीला अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जाऊन, आता त्या दुकानाशी संबंध नाही असं लेखी द्यावं लागलं. अब्बांचे आणि त्या गृहस्थांचे संबंध पुन्हा जुळले नाहीत. आरडी मोडली. ते पैसे कुठं दिले ते इथं सांगत नाही. घरात ठेवले नाहीत, एवढंच.

त्यानंतर खरी नोकरी शोधायची ठरलं आणि खरी गंमत तिथून सुरू झाली. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. एका रुग्णालयाच्या औषध विभागात जागा मिळाली, पगार साडेपाच हजार. तासगावहून सांगली, सांगलीहून मिरज, अशा दोन गाड्या. नऊला हजर व्हायचं तर सव्वासातची एसटी गाठायची. आमच्यातल्या त्याची पहिली पाळी असली की तो सहालाच मोटारसायकलवरून गेलेला. तिसरी पाळी असली की तो घरी येऊन झोपायच्या तयारीत. अम्मींच्या हाताला संधिवात. मग चौदा-पंधरा भाकरी कुणी थापायच्या?

त्या भाभीनं थापल्या. सहा महिने, एका शब्दानं न बोलता. पहाटेचं पाणी, मुलांचे डबे, सासऱ्यांचा चहा, आणि आता जावेचा डबाही. आम्ही दोघं खुशीत होतो, घर किती समजूतदार आहे म्हणून. समजूतदार घर नव्हतं, समजूतदार भाभी होत्या. आजवर जे पाहिलं त्यावरून आम्हाला असं वाटतं, की एकत्र घरात एका सुनेच्या नोकरीची सोय लागते, ती बहुतेक वेळा दुसऱ्या सुनेच्या वेळातून लागते. तिला ‘तुझी हरकत आहे का’ असं बैठकीत कुणी विचारलेलंच नसतं.

सहा महिन्यांनी एकदा भाजी करपली. कुणीतरी बोललं आणि भाभी फुटल्या. ‘‘मला दोन हातच आहेत. तिला पगार मिळतो, मला काय मिळतं?’’ घरात दोन दिवस सन्नाटा. आमच्यातल्या तिला राग आला, हेही लिहायला हवं. आपण दिवसभर उभ्यानं राबतो, येताना गाडीत जागा नसते, आणि घरी आलं की हे ऐकायचं, असं तिला वाटलं. राग ओसरायला आठवडा लागला. मग एका रात्री दोघी जावा अंगणात बसून तासभर बोलल्या. काय बोलल्या ते आमच्यातल्या त्याला आजतागायत कळलेलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून पहाटेचं पाणी त्याच्याकडे आलं. बाजारही त्याच्याकडे आला. भाकरी त्याच्याकडून जमल्या नाहीत, पण पीठ मळणं आणि कांदा चिरणं जमलं. गल्लीत थोडं हसं झालं. रविवारी स्वयंपाकघर पूर्ण आमच्याकडे आणि भाभींना सुट्टी. वर्षाच्या आत आमच्यातल्या तिच्या पगारातून भाभींना पिको-फॉलचं मशीन घेतलं. भेट म्हणून दिलं नाही. भाभींनी ते भेट म्हणून घेतलंही नसतं. ‘‘सहा महिन्यांच्या भाकरींचं बिल आहे,’’ असं त्याच म्हणाल्या. आज तासगावात त्यांचं गिऱ्हाईक आमच्या पगाराशी स्पर्धा करतं.

नोकरी कशी होती ते पुतणीनं नेहमी विचारलं आहे, म्हणून थोडं सांगतो. भिंतीवरचा कागद आणि काउंटरमागचा माणूस यांच्यात फरक काय, तो तिथं कळतो. चिठ्ठी हातात आली की गोळीचं नाव वाचायचं, मग मात्रा वाचायची, मग माणसाकडे बघायचं. वय काय, पोटात बाळ आहे का, आधीची कुठली गोळी चालू आहे, हे विचारायचं. ‘उपाशीपोटी’ म्हणजे काय ते दहातल्या सात जणांना समजावून सांगावं लागतं. काही अँटिबायोटिक, टीबीची औषधं, झोपेच्या काही गोळ्या यांच्यासाठी २०१४ पासून वेगळं एच-वन रजिस्टर ठेवावं लागतं. डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं, सगळं लिहायचं आणि ते तीन वर्षं जपायचं. पहिल्या दिवशी त्या रजिस्टरवर सही करताना तिचा हात थांबला होता. रमजानच्या आधी तर साखरेच्या रुग्णांची रांग लागते. गोळी सहेरीला घ्यायची की इफ्तारला, हे ते आधी काउंटरवर विचारतात. त्यांना डॉक्टरकडे परत पाठवायचं. मात्रा त्यांनीच बदलून द्यायची असते. पण कुणाला पाठवायचं हे ओळखायला तिथं माणूस उभा असावा लागतो.

आता पैशाचं. हे लिहावं की नाही यावर आमच्यात दोन दिवस वाद झाला.

पहिला पगार तिनं अम्मींच्या हातात ठेवला. अम्मींनी डोक्याला लावून परत दिला, वर एकशे एक रुपये घालून. इथवर सगळं एखाद्या गोष्टीतल्यासारखं. पण पगार बँकेत जमा व्हायला लागला तेव्हा एटीएम कार्ड आमच्यातल्या त्याच्या पाकिटात गेलं. जबरदस्ती अजिबात नव्हती. एटीएम सांगलीच्या स्टँडजवळ, तो गाडीवर जाणारा, म्हणून सोय. पुन्हा तीच सोय! मोटारसायकलचा हप्ता, घराच्या पत्र्याचं काम, धाकट्या बहिणीच्या वलीम्याचा आहेर, सगळं त्यातून होत गेलं. सगळी कामं चांगलीच होती. तीन वर्षांनी तिच्या माहेरच्या अम्मींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि तिनं आठ हजार ‘मागितले’. आमच्यातल्या त्यानं सहज विचारलं, ‘‘कशाला?’’

एवढंच. आवाजही चढवला नव्हता. पण तिनं स्वतःचे पैसे मागितले होते आणि त्यानं कारण विचारलं होतं. ते दोघांनाही एकाच क्षणी ऐकू आलं.

बायकोची कमाई बायकोची, घराच्या खर्चाची जबाबदारी नवऱ्याची, तिनं खुशीनं दिलं तर तो तिचा एहसान, हे आपल्याकडे प्रत्येक बयानात सांगतात. सूरह निसामध्ये कमावणाऱ्या बाईचा वाटा तिचाच म्हटला आहे, हेही सगळ्यांना पाठ असतं. हजरत खदीजा (रजि.) यांच्या व्यापाराचा दाखला तर मुलींच्या शाळेच्या प्रत्येक जलशात असतो. कार्ड तरीही पाकिटात राहतं. त्या संध्याकाळी ते परत गेलं. पुढं २०१६ मध्ये मेहेरचे एकवीस हजारही दिले. तेव्हा तिनं ते मोजून घेतले, आणि आमच्यातल्या त्याला ते मोजून घेतल्याचं थोडं लागलं. आता लागत नाही.

मधल्या काळात, २०१४ मध्ये, पहिलं बाळंतपण आलं. इथं आमचं अज्ञान आड आलं. सातव्या महिन्यात तिनं सरळ राजीनामा दिला, कारण ‘आता कसं जमणार’ असं सगळेच म्हणाले. खरं तर दहा किंवा जास्त माणसं कामावर असतील अशा ठिकाणी, आधीच्या वर्षभरात ऐंशी दिवस काम झालेलं असलं, की बाळंतपणाची पगारी रजा कायद्यानं मिळते. तेव्हा ती बारा आठवड्यांची होती. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना सव्वीस आठवडे झाली. आम्हाला कुणी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. घरी दीड वर्ष गेलं. परत लागताना पगार पुन्हा नव्या मुलीइतकाच ठरला. धाकट्याच्या वेळी, २०१८ ला, सव्वीस आठवडे घेतले आणि त्याच जागेवर परत गेली. दोन बाळंतपणांत फरक एवढाच, की दुसऱ्यांदा एक अर्ज लिहिला होता.

तर पुतणीच्या प्रश्नाकडे येऊ. मागच्या शुक्रवारी मुलाकडचे पुन्हा आले, तारीख ठरवायला. या वेळी आमच्यातल्या त्यानं भाईंच्या परवानगीनं तोंड उघडलं. विचारलं, की निकाहानंतर मुलगी राहणार कुठं, गावी तुमच्या घरी, की चाकणला? चाकणला तर खोली आहे का? मुलाची पाळी किती वाजता असते? ती नोकरीला जाईल तेव्हा गावाकडच्या अम्मींचं काय? तिचा निकाल आणि कौन्सिलची नोंदणी हातात येईपर्यंत निकाह थांबवता येईल का? आणि तिचं सर्टिफिकेट ती उभी नसेल अशा दुकानात लागणार नाही, हे निकाहनाम्यात लिहिलं तर चालेल का? निकाहनाम्यात दोन्ही बाजूंच्या संमतीनं अटी लिहिता येतात. आपण फक्त मेहेरचा आकडा भरून तो मिटवतो.

मामू दुखावले. ‘‘अहो, हरकत नाही म्हटलं ना आम्ही! एवढा अविश्वास?’’ बैठकीतली हवा बदलली. भाईंनी आमच्याकडे असं बघितलं, की चांगलं स्थळ तुम्ही घालवताय. त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. मुलीच्या बापाला ही भीती असतेच आणि ती आम्हाला नाही, कारण आमच्या घरात दोन्ही मुलगेच आहेत.

अब्बा कोपऱ्यातून म्हणाले, ‘‘अविश्वास नाही. माप आधी ठरवून घ्यावं म्हणतात पोरं. सौदा मोडायचा नाही म्हणूनच.’’ मग त्यांनी अम्मींना आणि मुलाच्या आईला बाहेरच्या खोलीत बसायला सांगितलं. दार उघडं ठेवून मुलाला आणि पुतणीला आत समोरासमोर बसवलं. आमच्या घरात हे पहिल्यांदा झालं. वीस मिनिटं लागली. आत काय बोलणं झालं ते सगळं ऐकू आलं नाही, पण मुलगा एकदा स्पष्टपणे म्हणाला, ‘‘आम्ही चौघं मित्र एका खोलीत राहतो. मला चहा येतो, अंडी येतात, बाकी काही येत नाही. खोली घ्यायची तर भाडं माझ्या एकट्याच्या पगारात बसणार नाही.’’ पुतणी हसली. ‘हरकत नाही’पेक्षा हे उत्तर तिला आवडलं, असं ती रात्री म्हणाली. भाभी म्हणाल्या, ‘‘अंडी येतात म्हणजे तुझ्या चाचांपेक्षा पुढं आहे.’’

जाताना मामू गप्प होते. मुलाची आई उंबऱ्यात आमच्यातल्या तिचा हात धरून म्हणाली, की घरी विचार करून फोन करते. तिच्या मनात काय होतं ते कळलं नाही.

पुतणीचा शेवटचा पेपर येत्या बुधवारी आहे. फोन अजून आलेला नाही. ती वरच्या खोलीत अभ्यास करते आहे, आणि भाई दिवसातून दोनदा आम्हाला विचारतात, ‘‘आला का?’’